तारलीची हद्द

पापलेट आणि सुरमई यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडली नाही. तारलीचे तसे नाही. ही स्वस्त, काटेरी, तेलकट मासळी. तिरफळ घालून तिचे तिखले झकास होते, पण पाहुण्यांच्या पानात ती सहसा पडत नाही. ज्या वस्तूला भाव नाही, तिची कागदोपत्री नोंदही राहत नाही. तारलीचा इतिहास शोधायला बसलो तेव्हा हे आधी लक्षात आले. जुन्या दप्तरांत ती भेटते ती मासळी म्हणून कमी; तेल म्हणून, खत म्हणून आणि कधी कधी तक्रारीचा विषय म्हणून अधिक.

या शोधाला मी लागलो ते एका विधानामुळे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ ई. विवेकानंदन आणि त्यांचे सहकारी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवून दिले, की १९८५ पूर्वी भारतातील तारलीचे जवळजवळ सगळे उत्पादन मलबार किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातून, म्हणजे ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांमधून येत असे. १४ अंशांच्या उत्तरेला ती फारशी मिळत नसे. पुढे समुद्र तापत गेला तशी ती १४ ते २० अंशांच्या पाण्यात मिळू लागली आणि १९८९ नंतर पूर्व किनाऱ्यावरही दिसू लागली. नकाशा काढून पाहिला. १४ अंशांची रेघ भटकळजवळून जाते आणि २० अंशांची आपल्या डहाणूजवळून. म्हणजे ज्या पाण्यात तारली 'नव्याने' आली म्हणतात, ते पाणी म्हणजे कारवार, गोवा आणि सगळा महाराष्ट्र. मालवण १६ अंशांवर आहे. आमच्या आजीच्या चुलीवर १९८५ च्या कितीतरी आधी शिजलेली तारली मग कोणत्या हद्दीतली होती?

आजीची साक्ष शास्त्रज्ञांच्या आकड्यांपुढे मांडण्याचा माझा विचार नाही. पण प्रश्न खोटा नव्हता. समुद्रातल्या जिवाची हद्द कशी ठरते, कोण ठरवते आणि ती सरकली असे म्हणायला काय पुरावा लागतो, हे इतिहासाचे प्रश्न आहेत. तारलीच्या निमित्ताने ते फार जवळून पाहता येतात, कारण हिंदी महासागरातल्या फार थोड्या मासळ्यांचा इतका लांब मागोवा काढता येतो.

सुरुवात आपल्या किनाऱ्यापासून दूर करावी लागते. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखापासून मकराणच्या किनाऱ्याने परत गेला. त्याच्या प्रवासाचा वृत्तांत एरियनने दिला आहे. तिथल्या मत्स्याहारी लोकांच्या मेंढ्याही मासळीच खात आणि त्यामुळे त्यांच्या मांसाला मासळीची चव येई, असे त्यात आहे. ती मासळी कोणती, हे एरियनवरून कळत नाही. मात्र सुमारे १३३० मध्ये इब्न बतूता झफारला, म्हणजे आजच्या ओमानमधल्या धोफारला पोहोचला, तेव्हा त्याने नावासकट लिहिले. तिथे मिळणारी मासळी मुख्यतः 'सर्दीन' असून ती अतिशय चरबीदार असते आणि गुराढोरांना हीच खायला घालतात, याचे त्याला मोठे नवल वाटले. हाच इब्न बतूता पुढे कालिकतला आला. अरबी समुद्राच्या दोन टोकांना, धोफारला आणि मलबारला, एकाच जातीची तारली विपुल आहे. ओमान, मकराण आणि सिंधच्या किनाऱ्यावर ती आजही मिळते.

ही दोन टोके का? दोन्हीकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात किनाऱ्याजवळचे पृष्ठजल बाहेर ढकलले जाते आणि खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. त्या पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचे पीक येते आणि तारली ते खाते. तारलीला आपण उष्ण पाण्यातली मासळी म्हणतो ते बरोबरच आहे. मलबारच्या त्या पट्ट्यात पाण्याचे वार्षिक सरासरी तापमान २७ ते २९ अंश सेल्सिअस असते. पण तिचे ताट वाढले जाते ते खालून आलेल्या थंड पाण्याने. ऊब एकीकडून, अन्न दुसरीकडून. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

युरोपीय शास्त्रात तारलीचा जन्म १८४७ चा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन्स यांनी, क्युव्हिए यांच्यासोबत सुरू केलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर एकट्याने पुढे नेलेल्या मत्स्यग्रंथमालेच्या विसाव्या खंडात तिला 'सार्डिनेला लाँगिसेप्स' असे नाव दिले. लाँगिसेप्स म्हणजे लांब डोक्याची. आणि हा नमुना कुठला होता? पाँडिचेरीचा! ज्या पूर्व किनाऱ्यावर ही मासळी १९८९ नंतर 'आली' म्हणून आपण वाचतो, तिथूनच शास्त्राला तिची पहिली ओळख झाली. हे वाचून मला आधी फार आनंद झाला. एखाद्या वकिलाला प्रतिपक्षाच्या कागदांत हवा तो पुरावा सापडावा तसा. पण आनंद फार वेळ टिकण्यासारखा नव्हता. एक मासा सापडणे आणि तिच्यावर गावाचे पोट चालणे यांत फरक आहे. हद्द दोन प्रकारची असते: जिथवर मासळी कधीमधी पोहोचते ती, आणि जिथवर ती थव्यांनी येते ती. विवेकानंदनांचे म्हणणे दुसऱ्या हद्दीबद्दल आहे. पाँडिचेरीचा नमुना पहिल्या हद्दीचा साक्षीदार आहे, आणि आमच्या आजीची चूलही बहुधा तिथलीच.

नावांमध्येही ही गोष्ट उमटलेली आहे. मलयाळीत ती मत्ती किंवा चाळ, आणि लाडाने 'कुटुंबम् पुलर्ती', म्हणजे कुटुंब पोसणारी. तुळू भाषेत बूताई, गोव्यात तारले, आपल्याकडे तारली. तेलुगूत मात्र तिला 'नूने कव्वलू' म्हणतात. नूने म्हणजे तेल. तिथे कव्वलू ओळखीची आणि ही त्यातली तेलवाली, असे ते नाव सांगते. आपल्याकडेही पेडवे म्हणून धाकट्या भावंडांचा वेगळा गट आहे. बाजारात पेडवे आणि तारली यांची सरमिसळ होतेच. कागदावर तर विचारूच नका. जुन्या इंग्रजी कागदांत नुसते 'सार्डिन' असे आले, की मी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवतो.

मलबारच्या तारलीवर पहिल्यांदा नीट लिहिले ते फ्रान्सिस डे यांनी. मद्रास सैन्यातला हा शल्यवैद्य कोचीनला होता. 'द फिशेस ऑफ मलबार' हा त्यांचा ग्रंथ १८६५ चा. ही मासळी काही वर्षी अलोट येते आणि काही वर्षी जवळजवळ येतच नाही, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. त्यांचे हे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण तेव्हा यांत्रिक नौका नव्हत्या, नायलॉनची जाळी नव्हती आणि समुद्र तापल्याची चर्चाही नव्हती. तारलीचा लहरीपणा त्याआधीचा आहे.

लहर असली तरी माल होता. मोठ्या कढयांत तारली उकळायची, दाबून तेल काढायचे, चोथा वाळवून खत म्हणून विकायचा. तेल होड्यांना, चामडे कमावायला आणि ताग गिरण्यांना लागे. खत नारळी-पोफळींना आणि कॉफी-चहाच्या मळ्यांना जाई. सहकारी पतपेढ्यांवरील अहवालामुळे प्रसिद्ध असलेले सर फ्रेडरिक निकोल्सन निवृत्तीनंतर मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसायाकडे वळले, जपानची मासेमारी पाहून आले आणि १९०७ मध्ये मद्रासचे मत्स्य खाते उभे राहिले. स्वच्छ रीतीने तेल कसे काढावे याचे प्रयोग मलबारात तानूरला झाले आणि किनाऱ्यावर छोट्या कारखान्यांचे पेव फुटले. त्याच खात्यातल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२४ मध्ये रामस्वामी नायडू यांच्यासह तारलीच्या जीवनक्रमावर प्रबंध लिहिला. त्यात मलबारच्या पाण्यातल्या प्लवकांच्या टिपणांची जोड होती. मासळी मोजायची तर तिचे अन्नही मोजले पाहिजे, ही दृष्टी त्या जोडीत आहे. पुढे १९५५ मध्ये आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन यांनी दाखवले, की 'फ्रॅजिलेरिया ओशियॅनिका' या सूक्ष्म वनस्पतीचा बहर आणि तारलीचे येणे यांचा मेळ बसतो. म्हणजे ती वनस्पती दिसली की तारली आली म्हणून समजावे.

मधल्या काळात मात्र तारली रुसली होती. १९४० च्या दशकात मलबारचे उत्पादन एवढे घसरले की सरकारला हात घालावा लागला. डी. डब्ल्यू. देवनेसन यांनी १९४३ मध्ये या चढउतारांची कारणे शोधणारा अहवाल दिला. पिल्ले आणि अंड्यांवर आलेली मासळी बेसुमार मारली जाते, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी मद्रास सरकारने काही जाळ्यांवर निर्बंध आणले. त्यांतल्या एकाचे नाव होते 'मत्तीकोल्ली वला', म्हणजे शब्दशः मत्ती मारणारे जाळे. निर्बंध थोड्याच वर्षांत उठले, आणि पुढे तारलीही परतली. निर्बंधांमुळे परतली म्हणावे तर ते फार काळ टिकले नव्हते; निर्बंधांवाचून परतली म्हणावे तर पहिल्या प्रथम का गेली होती हे सांगता येत नाही. हा पेच आजही सुटलेला नाही.

१९४७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था सुरू झाली आणि मोजणीला शिस्त आली. सगळ्या बंदरांवरची सगळी मासळी मोजणे शक्य नसते. म्हणून ठरावीक पद्धतीने बंदरे आणि दिवस निवडायचे, तिथे माणूस उभा करायचा, उतरलेला माल नोंदवायचा आणि त्यावरून हिशेब बांधायचा. या नोंदीत तारली आणि 'इतर सार्डिन' यांचे रकाने वेगळे आहेत, हे आपल्या दृष्टीने फार मोलाचे. संस्थेच्या कारवार केंद्रातील अण्णिगेरी यांनी साठच्या दशकात तिथल्या तारलीवर काम केले. कारवार १४ अंशांच्या थोडे वरच आहे. म्हणजे हद्दीची रेघ कधीच भिंतीसारखी नव्हती. तिच्या उत्तरेला तारली होती, पण मलबारच्या मानाने किरकोळ. अभ्यासकांनी ती रेघ आकड्यांच्या सोयीसाठी ओढली आणि आपण ती समुद्रावर आखलेली समजतो.

आता तापमानाकडे. तापमानाचा इतिहास हा जहाजांचा इतिहास आहे. मुंबई-एडन मार्गावरून जाणाऱ्या बोटींवर कुणी खलाशी बादली सोडून पाणी वर घेई, त्यात तापमापी बुडवी आणि नोंदवहीत आकडा लिही. कॅनव्हासच्या बादलीतले पाणी वर येता येता वाऱ्याने थोडे गार होई. पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान घेऊ लागले, ते थोडे जास्त येई. या असल्या फरकांची दुरुस्ती करत लक्षावधी नोंदी जुळवल्या गेल्या आणि त्यांतून आजचे आलेख तयार झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापला. इतर उष्ण कटिबंधीय समुद्रांच्या तुलनेत हे फार आहे. दोन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गोष्ट पुढे आणली: याच भागातल्या सूक्ष्म वनस्पती गेल्या सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्या. वरचे पाणी तापून हलके झाले की खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही आणि क्षार वर येत नाहीत.

विवेकानंदनांचा युक्तिवाद आता नीट कळतो. तारलीला मानवणारी ऊब पूर्वी मलबारच्या पट्ट्यात होती. उत्तरेचे पाणी तापले आणि तिथेही ती ऊब मिळू लागली, म्हणून मासळी वर सरकली. १४ ते २० अंशांमधले तापमान आणि तिथले उत्पादन यांचा मेळ त्यांना दिसला. शिवाय मलबारातले उत्पादन तोवर घटलेले नव्हते. म्हणून त्यांनी जपून शब्द वापरला: मासळीने घर बदलले नाही, घर वाढवले. एकट्या तारलीवर हा युक्तिवाद उभा नाही. बांगड्याचे पाहा. बांगडा हा पृष्ठभागाजवळचा मासा. १९८५ ते १९८९ या वर्षांत पकडलेल्या बांगड्यांपैकी जेमतेम २ टक्के तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांना मिळत. २००३ ते २००७ मध्ये हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास गेले. वर तापले म्हणून बांगडा खाली उतरला, असे त्यांना वाटते. चेन्नईजवळ राणी माशाचा अंडी घालण्याचा हंगाम उन्हाळी महिन्यांकडून गारव्याच्या महिन्यांकडे सरकलेला आढळला. कुणी उत्तरेला गेले, कुणी खोल गेले, कुणी पंचांग बदलले.

मला स्वतःला हा युक्तिवाद पटतो, पण पूर्ण पटत नाही. आकडे मासळीचे नसतात, पकडलेल्या मासळीचे असतात. ज्या दशकात तारली पूर्वेला आणि उत्तरेला 'दिसू' लागली, त्याच दशकात केरळात होड्यांना बाहेरची इंजिने लागली आणि रिंग-सीन जाळे आले. पर्ससीन नौका त्याआधीच कर्नाटक-गोव्याच्या पाण्यात उतरल्या होत्या. गोव्यातल्या रापणकारांचे आंदोलन सत्तरच्या दशकातले, आणि तिथला सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा. जिथे जाळे गेले तिथे मासळी सापडली, हेही खरे असणार. तिसरे कारणही शक्य आहे: मासळीची संख्या वाढली की ती पसरते, घटली की पुन्हा मूळ घरी आकसते. तसे असेल तर हद्द सरकण्यात तापमानाचा हात दिसतो तेवढा नसेल.

याची परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत झाली. २०१२ मध्ये केरळात सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. मग घसरण सुरू झाली, आणि २०१५ च्या सुमारास प्रशांत महासागरातल्या एल निनोने तिला आणखी रेटा दिला, असे संस्थेचे म्हणणे. २०२१ मध्ये केरळचे उत्पादन होते ३,२९७ टन. लाखांत मोजायची वस्तू हजारांत आली. तारली नुसतीच पसरली आणि आकसली असती, तर पूर्व किनाऱ्यावरून ती आधी नाहीशी व्हायला हवी होती. तसे झाले नाही. घर आटले आणि ओसरी भरलेली राहिली. केरळच्या बाजारात तमिळनाडूतून मत्ती येऊ लागली. आणि दुसरी कुठून? ओमानमधून. इब्न बतूताने गुरांच्या पुढे टाकलेली पाहिली तीच, बर्फात घातलेली, कुटुंब पोसणारीच्या नावाने विकली जाऊ लागली. खाणारे नाक मुरडत. चव तशी नाही म्हणत. २०२२ मध्ये केरळची तारली पुन्हा लाख टनांच्या वर गेली. तरी भरवसा राहिलेला नाही. २०२४ च्या पावसाळी बंदीच्या दिवसांत तिथे मत्तीचा भाव किलोला ४०० रुपयांच्या घरात गेला होता. गरिबाची मासळी म्हणून जिची ओळख, तिची ही किंमत.

म्हणून 'तारली उत्तरेला आली' ही बातमी ऐकून आपण हुरळून जावे असे मला वाटत नाही. उत्तरेच्या पाण्यात ऊब आहे, पण मलबारसारखे खालून वर येणारे थंड पाणी नाही. ताट कोण वाढणार? शिवाय आलेली मासळी कुणाच्या जाळ्यात जाते हाही प्रश्न आहेच. तारली थव्याने किनाऱ्याजवळ येते, म्हणून ती पूर्वापार रापणीची मासळी. एक होडी अर्धगोल जाळे टाकून येते आणि किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसे ते ओढतात; वाटे पडतात. पर्ससीन तोच थवा बाहेरच उचलते. सिंधुदुर्गात यावरून किती संघर्ष झाले ते वर्तमानपत्रांत आले आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. १९४३ च्या मत्तीकोल्ली वलाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

हे सगळे कागद वाचून झाल्यावर मी मालवणच्या बाजूला एका म्हाताऱ्या रापणकाराला भेटलो. साठ पावसाळे समुद्रावर काढलेला माणूस. त्यांच्याकडे वही नव्हती, पण आठवण पक्की होती. कोणत्या नारळी पौर्णिमेला काय लागले ते सांगत होते. मी विचारले, "काका, तुमच्या लहानपणापेक्षा आता तारली वाढली की कमी झाली?" त्यांनी जाळ्याचा दोर बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"पेडवे धरून सांगू, काय सोडून?"